क्रिएटिनिन खाली आलं म्हणजे डायलिसिस नीट होतंय का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

(उत्तरं देणाऱ्या ताई इंदूरमध्ये 26 वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर होत्या, आता रिटायर आहेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही रामबागेत राहतो. आमच्या ह्यांचं वय 61, शुगरमुळे किडन्या गेल्या, दीड वर्ष झालं डायलिसिस लागून. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा. चार तास लिहिलेलं आहे पण साडेतीन तासातच उतरवतात, एकतर पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो आणि दुसरं म्हणजे हेच घाई करतात, टेक्निशियनला म्हणतात "भिया, अब उतार दो यार". लघवी दिवसभरात अर्धा ग्लास पण होत नाही. क्रिएटिनिन सहा महिन्यांपूर्वी 9.8 असायचं ते आता 7.2 आलंय म्हणून आम्ही सगळे खूश होतो, सासूबाईंनी तर खजराण्याच्या गणपतीला नारळ पण फोडला. पण ह्या महिन्यात पहिल्यांदाच रिपोर्टवर केटी/व्ही 1.07 असं लिहून आलं आणि खाली "लो" म्हणून. युरिया आधी 142, नंतर 58. वजन येताना 62.5, उतरल्यावर 60. सेंटरवर विचारलं तर म्हणाले सब ठीक है, चलता है. पण ह्यांना भूक नाही, तोंडाला लोखंडासारखी चव येते, रात्री पाय हलवत बसतात, अंग खाजवतं. डायलिसिसच्या दिवशी घरी आले की नुसते पडून असतात, तर शेजारच्या काकू म्हणतात थकवा येतो म्हणजे मशीनने चांगलं खेचलं. खरं काय समजायचं?

उत्तर : वहिनी, नारळ फोडला ते चांगलंच केलं, पण क्रिएटिनिनसाठी नको होता.

आधी तेच सांगते कारण गेल्या इतक्या वर्षांत ज्या गोष्टीवर घरच्यांशी सगळ्यात जास्त डोकं लावलं ती हीच. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी क्रिएटिनिन बघायचं असतं, ते वाढतंय का ह्यावर सगळं असतं, म्हणून घरात सगळ्यांना तोच एक आकडा पाठ झालेला असतो आणि मग डायलिसिस लागल्यावरही तोच धरून बसतात. पण क्रिएटिनिन ही रक्तातली एक घाण, ती तयार होते मसल्समधून. ज्याच्या अंगावर मांस जास्त त्याचं जास्त. किडन्या बंद पडलेल्या माणसाचं क्रिएटिनिन सहा महिन्यांत 9.8 वरून 7.2 वर आलं, डायलिसिसचे तास वाढले नाहीत, दिवस वाढले नाहीत आणि वर माणूस जेवत पण नाही, तर मला पहिली शंका येते की मांस झडतंय. ह्यांच्या दंडाला, मांडीला हात लावून बघा, पँट कमरेत ढिली झालीय का बघा. आणि रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) किती आलंय ते शोधा, 4 च्या आसपास हवं, साडेतीनच्या खाली असेल तर नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

आता केटी/व्ही. नाव भारी आहे पण हिशोब घरगुती आहे. के म्हणजे फिल्टर दर मिनिटाला किती रक्त युरियापासून (ही पण रक्तातली घाणच) साफ करून देतो, टी म्हणजे किती वेळ, आणि व्ही म्हणजे अंगातलं एकूण पाणी. साठ किलोच्या माणसात साधारण 35 लीटर पाणी धरा. गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा, 35 लीटरची, पाणी गढूळ झालंय, तुम्ही एका बाजूने पाणी काढून गाळून परत त्याच टाकीत ओतताय. एकूण 35 लीटर गाळून झालं म्हणजे केटी/व्ही 1 झालं. पण टाकी साफ झाली का? नाही, कारण गाळलेलं पाणी परत गढूळ पाण्यातच मिसळत होतं, त्यामुळे बरंचसं पाणी दोनदा गाळलं गेलं आणि काही एकदाही नाही. हिशोब केला तर 1 ला साधारण 63 टक्के घाण निघते. म्हणून 1 पुरत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर दर वेळी कमीत कमी 1.2 मिळालंच पाहिजे आणि नेम 1.4 वर धरायचा असं जगभरातले किडनीचे डॉक्टर मानतात. हे माप 1985 मध्ये गॉच आणि सार्जंट ह्या दोघांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे परत तपासून मांडलं, तेव्हापासून तेच चालू आहे.

ह्याच्यापेक्षा सोपं माप आहे यूआरआर, म्हणजे युरिया किती टक्के उतरला, ते तुम्ही किचनमध्ये उभ्या उभ्या करू शकता. आधीचा युरिया 142, नंतरचा 58, म्हणजे 84 ने उतरला. 84 भागिले 142, आले 59 टक्के. हवे कमीत कमी 65, आणि 70 असले तर छान. म्हणजे दोन्ही मापं एकच सांगताहेत की कमी पडतंय. (काही लॅब युरिया देतात, काही बीयूएन (युरियातला नायट्रोजन), बीयूएनचा आकडा निम्म्याहून थोडा कमी येतो, घाबरू नका, टक्का तोच निघतो, फक्त आधीचा आणि नंतरचा दोन्ही एकाच प्रकारचे असले पाहिजेत.)

पण खरी गोम अशी की तुमच्या बाबतीत 1.07 पण फसवा आहे, कारण ते 1.2 तीन वेळाच्या हिशोबाचं आहे आणि ह्यांचं होतंय दोनदाच. आठवड्यात 168 तास असतात. चांगली किडनी त्यातला एकही तास सुट्टी घेत नाही. तीनदा चार-चार तास केलं तरी मशीन बिचारं 12 तास काम करतं, आणि ह्यांचे होतात साडेतीन दुणे सात. शुक्रवार ते मंगळवार चार दिवस काहीच नाही. दोनदा डायलिसिस चालतं, नाही असं नाही, पण ज्याची स्वतःची किडनी अजून थोडीफार काम करतेय, दिवसाला अर्धा लीटरच्या वर लघवी होतेय अशा माणसाला, आणि तेही दर दोन-तीन महिन्यांनी चोवीस तासाची लघवी गोळा करून तपासत राहायचं. ह्यांना अर्धा ग्लास पण होत नाही. आपल्याकडे बहुतेक जण दोनदा करतात ते पैशापायी आणि येण्याजाण्याच्या त्रासापायी, शरीराला दोनदा पुरतं म्हणून नाही, हे एकदा स्पष्ट बोललेलं बरं. पैशाची अडचण असेल तर आयुष्मान कार्डावर डायलिसिस होतं आणि 2016 पासून केंद्राची प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस योजना आहे, त्यात सरकारी हॉस्पिटलमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटला फुकट होतं, तिसऱ्या दिवसासाठी तिथे नंबर लागतो का विचारा.

आता जे आहे त्यातच काय वाढवता येईल ते बघू. पहिलं म्हणजे घड्याळ. तो गेलेला अर्धा तास. साडेतीन तासाला 1.07 मिळतंय तर तेवढ्याच स्पीडने पूर्ण चार तास केले की साधारण 1.2 च्या पुढे जाईल, एक रुपया जास्त न लावता. मी ड्यूटीवर असताना "सिस्टर, आज जरा लवकर" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकलंय, कधी लग्न असतं, कधी क्रिकेट मॅच, रंगपंचमीला तर राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते म्हणून सकाळच्या शिफ्टचा एकही पेशंट पूर्ण वेळ बसायचा नाही, आणि खरं सांगते आम्ही पण सोडायचो कारण पुढची शिफ्ट वेळेवर लागायची. दोघांची चूक. चार तास म्हणजे मशीन खरंच चालू असलेले चार तास, अलार्म वाजून पंप थांबला तो वेळ त्यात धरायचा नाही, स्क्रीनवर किती वेळ बाकी आहे ते दिसतं, ते शून्य झाल्याशिवाय उतरायचं नाही असं ह्यांना तुम्हीच सांगा, टेक्निशियनला सांगून उपयोग नाही.

दुसरं, रक्ताचा स्पीड. स्क्रीनवर ब्लड फ्लो किंवा क्यूबी लिहिलेलं असतं, फोटो काढून आणा. फिश्चुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून हातात तयार केलेली नस) चांगला असेल तर मिनिटाला 300 मिलीलीटरच्या आसपास चालायला हरकत नसते. पुष्कळ ठिकाणी वर्ष उलटून गेलं तरी पहिल्या दिवशीची बारीक 17 नंबरची सुई आणि 200-220 चा स्पीड तसाच चालू असतो, कारण बदला म्हणून कोणी म्हटलंच नाही. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक बरं का, उलटं असतं. 16 किंवा 15 ची चालेल का हे डॉक्टरांना विचारा, हार्टचा काही त्रास असेल तर तेच ठरवतील.

तिसरं, फिश्चुला स्वतः. रोज सकाळी हात ठेवून बघायचं, मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती मंद झाली, नुसती टणटण लागायला लागली, सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा फार वेळ लागायला लागला, हात सुजला, किंवा मशीनचा व्हीनस प्रेशरचा (अंगात परत जाणाऱ्या रक्ताच्या दाबाचा) अलार्म दर वेळी वाजायला लागला तर आत कुठेतरी नस अरुंद झालीय असं धरून डॉपलर (नसेची सोनोग्राफी) करून घ्या. अशा वेळी होतं काय की साफ झालेलं रक्त अंगात जायच्या ऐवजी परत फिरून मशीनमध्येच येतं, मशीन मन लावून तेच तेच रक्त धूत बसतं आणि आपल्याला वाटतं चार तास झाले.

चौथं फिल्टर. तोच फिल्टर धुऊन परत वापरत असतील तर कितव्यांदा वापरतायत आणि त्याची व्हॉल्यूम (आत किती मावतं ते) मोजतात का विचारा, नव्या फिल्टरच्या 80 टक्क्यांच्या खाली गेला की फेकायचा असतो. उतरवताना फिल्टरमध्ये काळ्या रेघा जमलेल्या दिसत असतील तर रक्त गोठतंय, हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) बघावं लागेल.

आणि हो, सॅम्पल. नंतरचा युरिया कसा घेतात ह्यावर पूर्ण आकडा हलतो. शेवटी पंप 100 पर्यंत हळू करून पंधरा सेकंद थांबून, रक्त मशीनकडे जाणाऱ्या नळीतून घ्यायचं असतं. रक्त परत देताना सलाईन मिसळल्यावर घेतलं तर युरिया पातळ होऊन कमी दिसतो आणि रिपोर्ट खोटाच छान येतो. तसंच आधीचं सॅम्पल सलाईन किंवा हेपरिन जायच्या आधी घ्यायचं. तुमच्या रिपोर्टला एकदा परत करून बघायला हरकत नाही, पण ह्यांची लक्षणं आकड्याशी जुळतायत म्हणून मी तो खोटा धरणार नाही. भूक मेलेली, तोंडाला लोखंडाची चव, खाज, रात्री पाय हलवणं, ह्याला दुसरी कारणंही असतात, खाजेला फॉस्फरस, पायांना लोह कमी असणं, पण हे सगळं एकत्र आणि वर 1.07 असेल तर डायलिसिस कमी पडतंय हाच विचार आधी करायचा.

काकूंना सांगा की थकवा येणं म्हणजे चांगलं खेचलं असं काही नसतं. बहुतेक वेळा कमी वेळात जास्त पाणी काढलं की माणूस असा गळून जातो. किलोमागे तासाला 13 मिलीलीटरच्या वर पाणी काढू नये असं मानतात. ह्यांचं अडीच लीटर साडेतीन तासात काढलं म्हणजे जवळजवळ 12 झाले, काठावरच आहेत. कधी चार लीटर चढवून आले तर चार तासातसुद्धा साडेसोळा होईल, मग बीपी पडणार, गोळे येणार. पाणी वाढतं कशाने, तर तहानेने, आणि तहान लागते मिठाने. इंदूरच्या माणसाला मीठ कमी करा म्हटलं की तो भाजीतलं करतो आणि सकाळी पोह्यांवर मूठभर शेव आणि वरून जिरावन मसाला घेतोच! जिरावनमध्ये मीठ आणि काळं मीठ दोन्ही असतं. थंडीत सराफ्यातले गराडू (तळलेला कंद) तर विसराच, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि चार दिवसाच्या गॅपमध्ये पोटॅशियम वाढलं तर हार्टवर येतं. लो सोडियम मीठ तर घरातच आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. कमरख (स्टारफ्रूट) पण नाही, एक फोड पण नाही.

पण डाळ बंद केली असेल तर ती परत सुरू करा. डायलिसिसच्या आधी प्रोटीन कमी करायला सांगितलेलं असतं, आणि मग डायलिसिस लागल्यावर ते कोणी बदलतच नाही, माणूस दीड वर्ष मऊ भात आणि साबुदाण्यावर. आता उलट हवं, किलोला 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे ह्यांना दिवसाला 60 ते 72 ग्रॅम प्रोटीन. अंड्याचं पांढरं चालत असेल तर सगळ्यात चांगलं, नाहीतर पनीर, वरण, फॉस्फरस बघून, डायटिशियनकडून एकदा तक्ता करून घ्या.

एक शेवटचं, हे सहसा लक्षात येत नाही. मांस झडलं आणि ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) मात्र कागदावर 60 चं 60 च राहिलं, तर ती जागा पाणी घेतं. वजन काटा सांगतो सगळं ठीक, पण खरं ड्राय वेट 57-58 झालेलं असतं. रात्री दोन उशा लागायला लागल्या का, आडवं झाल्यावर दम लागतो का, बीपीच्या गोळ्या वाढल्यात का? ह्यातलं काही असेल तर ड्राय वेट परत ठरवायला सांगा, आणि दम लागत असेल तर मंगळवारची वाट बघू नका.

नेफ्रोलॉजिस्टकडे जाताना एका कागदावर लिहून न्या : दोन्ही युरिया, किती मिनिटं खरंच चाललं, ब्लड फ्लो, सुईचा नंबर, चोवीस तासाची लघवी, आधीचं नंतरचं वजन, अल्ब्युमिन. आणि विचारा, तिसरा दिवस कधीपासून. "सब ठीक है" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

प्रश्न : ताई, मी स्वतः पेशंट आहे, बिजली विभागातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालो, सुदामा नगरात राहतो. आमच्या सेंटरच्या मशीनवर डायलिसिस चालू असतानाच केटी/व्ही दिसतो. माझा 1.5 येतो. पण लॅबने 1.2 दिला. कोणावर विश्वास ठेवायचा? आणि 1.5 च्या ऐवजी 2 केला तर तब्येत अजून सुधारेल का?

उत्तर : काका, तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून मोकळेपणाने सांगते. मशीन तुमचा युरिया मोजतच नाही. ते मशीनच्या पाण्यातलं मीठ थोडं वर-खाली करून फिल्टरच्या ह्या बाजूला आणि त्या बाजूला कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते) किती बदलली ते बघतं, आणि सोडियम आणि युरिया फिल्टरमधून जवळजवळ सारखेच जातात म्हणून त्यावरून के काढतं. टी तर त्याला माहीतच आहे. पण व्ही? तो कोणीतरी बोटाने टाकलेला असतो, वय, उंची, वजन घालून. आणि इथेच घोळ होतो, तुमच्या आधीच्या बारीक पेशंटचं वजन तसंच राहिलं असेल किंवा दोन वर्षांपूर्वीचं तुमचंच 58 किलो असेल आणि आता तुम्ही 71 असाल तर मशीन खुशाल 1.5 दाखवणार. पुढच्या वेळी सेटिंगमध्ये व्ही किती टाकलाय तो बघा, वजनाच्या साधारण 55 ते 60 टक्के असायला हवा, वय झालेल्याचा थोडा कमी. तो बरोबर असेल तर मग लॅबच्या सॅम्पलवर शंका घ्या, वर वहिनींना सांगितलंय ते वाचा.

मशीनच्या आकड्याचा खरा फायदा असा की तो दर वेळी फुकटात दिसतो. रोज 1.5 येणारा एकदम 1.25 यायला लागला तर फिश्चुला किंवा सुई, काहीतरी बिघडलंय, महिन्याच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. डायरीत लिहून ठेवा, तुम्हाला ग्राफ काढायला आवडेलच.

2 करून काय मिळेल ह्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत हीमो म्हणून 1846 पेशंटवर ट्रायल झाली, 2002 मध्ये निकाल आला, अर्ध्यांना साधारण 1.3 आणि अर्ध्यांना 1.7 दिलं, आयुष्यात काही खास फरक पडला नाही. तेव्हा आकडा फुगवण्यात अर्थ नाही. पण तास वाढवले तर गोष्ट वेगळी, कारण फॉस्फरस आणि पाणी आरामात निघतं, ते केटी/व्हीमध्ये दिसतच नाही. मोठा फिल्टर आणि जोरात पंप लावून तीन तासात 1.4 काढून दाखवणारी सेंटरं मी पाहिली आहेत, कागद छान, पेशंट बेजार. मला विचाराल तर 1.4 आणि पूर्ण चार तास, दोन्ही हवं.

प्रश्न : माझ्या आईचं पोटाचं डायलिसिस आहे, म्हणजे बॅगेतलं पाणी पोटात घालून परत काढायचं, दिवसातून तीन बॅग, घरीच मी करतो. तिला युरिया आधीचा-नंतरचा असं काही नसतं, मग कसं कळणार पुरतंय का? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : दादा, तिथे आधी-नंतर नसतं कारण ते दिवसभर चालूच असतं, म्हणून केटी/व्हीचा हिशोब आठवड्याचा धरतात आणि तो 1.7 च्या वर हवा, त्यात आईची स्वतःची लघवी पण मोजली जाते. त्यासाठी चोवीस तासात पोटातून निघालेलं सगळं पाणी आणि सगळी लघवी मोजून, त्याचं सॅम्पल आणि एक रक्ताचं सॅम्पल द्यायचं असतं. एक पण बॅग मोजायची राहिली तर आकडा चुकीचा येतो म्हणून संडे बघून करा, घाईच्या दिवशी नको. सुरुवातीला तीन बॅग पुरतात कारण लघवी मदत करत असते, ती वर्ष-दोन वर्षात कमी होत जाते आणि तीन बॅग मात्र तशाच चालू राहतात, आईच्या पायावर सूज आणि भूक कमी दिसली की ही टेस्ट मागून घ्या. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून पेनकिलर आणून देऊ नका, उरलेली लघवी त्यानेच जाते. रोजच्या वहीत किती घातलं किती निघालं लिहिता ना, त्यातच तिचं वजन आणि बीपी पण लिहा. आणि निघालेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं की त्याच दिवशी ती बॅग न फेकता सोबत घेऊन हॉस्पिटलला जा, रात्र असली तरी.